ना वेसण, ना कासरा

हेलिकॉप्टरची पाती मंदावली तसा तो आवाज वर आला. आधी वाटलं, यंत्रच करकरतंय. मग दार उघडलं, बर्फावर पाय टेकला आणि कळलं की ही कुत्री आहेत. दोनशेच्या वर कुत्री, आणि सगळी एकदम ओरडत होती. भुंकणं मला माहीत आहे, आमच्या आळीत रात्री दोन वाजता चालतं ते. हा आवाज वेगळा होता. यात्रेत पाळण्यापुढच्या रांगेत आपला नंबर जवळ आला की पोरं दोन्ही पायांवर नाचत चिरकतात, त्याच्या जवळचा.

महिना जून, साल 2024. जागा अलास्कातल्या मेंडेनहॉल हिमनदीचा वरचा भाग. लेक आणि जावई सिॲटलला असतात. तिथून सुटणाऱ्या जहाजाने आम्ही चौघं अलास्काच्या किनाऱ्याने आठवडाभर फिरायला निघालो होतो. ज्यूनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून यायला रस्ताच नाही. पुढे समुद्र, मागे डोंगर, डोंगरामागे बर्फ. यायचं ते बोटीने नाहीतर विमानाने. हेलिकॉप्टरने वर जाऊन कुत्र्यांनी ओढायच्या स्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरच्या बिनचाकी गाडीत, बसायची ही सहल लेकीने आधीच ठरवून ठेवली होती आणि किंमत मला सांगितली नव्हती. माणशी सहाशे डॉलरच्या वर होती, हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी नक्कीच गेले नसते. ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून हे जावयांबरोबर गावातच थांबले. आम्ही दोघी निघालो.

पैशांचं सोडा, पण माझ्या मनात आणखी एक अढी होती. जनावराला माणसाच्या करमणुकीसाठी जुंपायचं, हे मला पटत नाही. यावरून माझं सख्ख्या भावाशी वाजलेलं आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही.

निघण्याआधी आमची वजनं केली, कोणी कुठे बसायचं ते त्यावरून ठरवलं, आपल्या बुटांवरून चढवायचे भलेमोठे बूट दिले. मग हेलिकॉप्टर उठलं आणि दोन-चार मिनिटांत झाडी संपून पायाखाली बर्फ आला. मेंडेनहॉल हिमनदी साधारण 21 किलोमीटर लांब. तिच्या तोंडाशी एक तळं आहे, निळसर राखाडी, त्यात बर्फाचे तुकडे तरंगतात. पाहणाऱ्याला ते युगानुयुगांचं वाटतं, पण त्या तळ्याचं वय शंभर वर्षंही नाही. हिमनदी मागे सरकली तशी मोकळ्या झालेल्या खळग्यात ते साठत गेलं. ती पाहता यावी म्हणून काठावर एक केंद्र बांधलंय, 1962 चं. माझा जन्मही 1962 चा. केंद्र बांधलं तेव्हा बर्फ किती जवळ होता आणि आज किती लांब गेलाय, ते वरून एका नजरेत दिसतं. एका माणसाच्या हयातीत एवढं अंतर पडलं.

‘हिमनदी’ हा शब्द मी शाळेत 31 वर्षं शिकवला. नदी आहे, फक्त गोठलेली, असं मुलांना सांगायची. वरून पाहिल्यावर जाणवलं की तो शब्द किती नेमका आहे. तिला वळणं आहेत, काठ आहेत, दोन प्रवाह मिळतात तिथे मधोमध मातीची काळी रेघ खालपर्यंत वाहत गेलेली आहे. उतारावर बर्फ फाटतो आणि हजारो भेगा पडतात. त्या भेगांचा निळा रंग मी लिहून दाखवू शकत नाही. दाट बर्फ उजेडातला तांबडा भाग पिऊन टाकतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो, एवढं कारण मला सांगता येतं. आणखी वर गेल्यावर भेगा दिसेनाशा झाल्या, सगळं पांढरं, सपाट झालं, कारण तिथे गेल्या हिवाळ्यातला हिमवर्षाव अजून बर्फावर बसून होता. त्या पांढऱ्यात काळे ठिपके ओळीने मांडलेले दिसले. ती कुत्र्यांची घरं.

उन्हाळ्यात कुत्री एवढ्या उंचावर का आणतात, हा माझा पहिला प्रश्न होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि थोडाफार पंजांच्या गादीतून, एवढीच त्याची उष्णता बाहेर पडते. या कुत्र्यांना शून्याखाली दहा-वीस अंश म्हणजे कामाला उत्तम हवा. जूनमध्ये खाली ज्यूनोत पंधरा अंश असताना ती नुसती पडून राहतात. म्हणून मेच्या सुमारास सगळा तळ हेलिकॉप्टरने वर आणतात, कुत्री, खाणं, तंबू, सगळं, आणि ऑगस्टअखेर पुन्हा उतरवतात. माणसंही वरच राहतात. आणि कुत्र्यांची विष्ठा? तीही रोज उचलून, भरून, हेलिकॉप्टरनेच खाली पाठवतात, हिमनदीवर काही सोडायचं नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी शेण काढत वाढलेली मुलगी आहे. जनावर पाळायचं म्हणजे त्याच्या मागचंही आपणच उचलायचं, हे जिथे पाळलं जातं तिथे बाकीचंही नीट चालत असावं, असं माझं मत आहे.

आमची गाडी हाकणारी मुलगी पंचविशीची असेल. अशा माणसाला तिकडे ‘मशर’ म्हणतात. चेहरा उन्हाने रापलेला, हातांना घट्टे. हिवाळ्यात ती कुत्र्यांना शर्यतीसाठी तयार करते, आणि उन्हाळ्यात हे पर्यटकांचं काम करून त्या हिवाळ्याचा खर्च काढते. तिथल्या बऱ्याच मशरांचं असंच चालतं.

मी चित्रात पाहिलेली कुत्री वेगळी होती, भरघोस केसांची, निळ्या डोळ्यांची, लांडग्यासारखी. इथली बघून पहिल्यांदा निराशाच झाली. किडकिडीत, वीस-बावीस किलोची, कोणी तपकिरी, कोणी काळं-पांढरं, एक तर थेट आमच्या गावातल्या कुत्र्यासारखं. ही अलास्कन हस्की. दिसण्यासाठी जपलेली ही जात नाहीच. पळणाऱ्याची पळणाऱ्याशी, पंजे चांगले असलेल्याची भूक चांगली असलेल्याशी, अशी पिढ्यान् पिढ्या गाठ घालून ती बनलेली आहे. मला एकदम खिलार आठवला. आमच्या माण तालुक्यात येणारे पाहुणे पहिल्यांदा खिलार पाहून म्हणायचे, एवढासा बैल? मग तो चालायला लागला की गप्प बसायचे.

एका वेताच्या पिल्लांना एका माळेतली नावं ठेवायची तिथे पद्धत आहे. आमच्या जुंपीतल्या चौघांची नावं मसाल्यांची होती: जिंजर, क्लोव्ह, सॅफ्रन, नटमेग. आलं, लवंग, केशर, जायफळ. मी त्यांना मराठी नावांनी हाक मारून पाहिली. लवंगीने एकदा कान वळवला, मग पुन्हा आपल्या मशरकडे बघायला लागली.

त्या मुलीने गाडीतून पट्ट्यांचा जुडगा बाहेर काढला आणि तळाचा सूरच बदलला. कुत्री मागच्या पायांवर उभी राहिली, घरांच्या छपरांवर चढली, साखळ्यांना हिसके द्यायला लागली. एकेकाला सोडून आणताना ती पुढचे दोन पाय वर उचलून धरत होती. चारही पाय टेकले तर कुत्रं तिला फरफटत नेईल, म्हणून. जिंजरच्या गळ्यात पट्टा जायच्या आधी त्याने स्वतःच डोकं पुढे केलं, मग डावा पाय उचलून धरला, मग उजवा. मी ते पाहत उभी राहिले.

जुंपणं म्हणजे काय, ते मी लहानपणापासून पाहिलंय. जू उचलायचं, बैलाला ‘ये’ म्हणायचं, तो मान खाली घालून जुवाखाली यायचा. शिवळा घालायच्या, जुपण्या बांधायच्या. चांगला बैल आपण होऊन मान द्यायचा, त्याचं गावात कौतुक व्हायचं. पण त्या मान देण्यात शहाणपण होतं, सोसणं होतं. जुंपून घ्यायला आसुसलेलं जनावर मी त्या दिवशीपर्यंत पाहिलेलं नव्हतं. लेक मोबाइलवर चित्रण करत होती. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, “आई, तू रडतेस का?” मी म्हटलं, वारा आहे गं. वारा होताच.

पट्टा मी हातात घेऊन पाहिला. छातीशी मऊ गादी, गळ्यावर ताण नाही, ओढ सगळी छातीवरून पाठीवर आणि तिथून शेपटीच्या मुळाशी असलेल्या दोरीत जाते. बैल खांद्याने ओढतो, आणि जू नीट बसलेलं नसेल तर खांदा सुजतो. खांदेसूज झालेल्या बैलाला माझे वडील, अण्णा, कित्येक दिवस जुंपायचे नाहीत, मग कुळव पडून राहिला तरी चालेल. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची, हळद आणि लोणी लावून ते बैलांचे खांदे चोळत बसायचे, कोणाशी न बोलता. मी मशरला विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात जास्त जपायचा अवयव कुठला? ती म्हणाली, “पंजे.” बोटांमध्ये बर्फाचे गोळे अडकून कातडी फाटते. म्हणून लांबच्या पल्ल्याला प्रत्येक पंजावर कापडी मोजा चढवायचा, प्रत्येक मुक्कामाला सोळाच्या सोळा बोटं उघडून पाहायची, मलम चोळायचं. शर्यतीत रात्री माणूस झोपतो ते कुत्र्यांचं खाणं, पेंढ्याचं अंथरूण आणि पंजे झाल्यावर. झोप उरली तर उरली.

मग माझं लक्ष गेलं की एकाही कुत्र्याच्या तोंडात लगाम नाही. वेसण नाही, कासरा नाही. मधून एक मुख्य दोर, त्याला दोन्ही बाजूंनी जोड्या, आणि तो दोर गाडीला. मशर सगळ्यात मागे. तिच्या हातात गाडीचा दांडा, पायाखाली बर्फात रुतणारा ब्रेक, आणि थांबल्यावर रोवायला दोन दातांचा लोखंडी आकडा. कुत्र्यांपर्यंत पोचणारं तिच्याकडे काही नाही, आवाजाखेरीज. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. मी विचारलं, हे शब्द कुठले? त्यावर तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलंय. या हाका मुळात कुत्र्यांच्या नाहीत. इंग्रजी बोलणारे शेतकरी नांगराच्या बैलांना आणि घोड्यांना त्या घालत. ते लोक उत्तरेकडे आले, त्यांच्याबरोबर हाकाही आल्या, आणि बैल नसलेल्या मुलखात कुत्र्यांना मिळाल्या.

अण्णा ‘होऽ’ म्हणाले की आमची जोडी थांबायची, जिभेने टच् केलं की निघायची. हरण्या आणि मण्या. हरण्या डावीकडचा, मण्या उजवीकडचा. बाजू बदलली तर दोघंही अस्वस्थ व्हायची.

इथे दहा कुत्री होती. सगळ्यात पुढे लवंग, नऊ वर्षांची, अंगाने सगळ्यांत लहान. पुढारी ताकदीवर निवडत नाहीत. हाक कळणारं, दोर ताणून धरणारं आणि वेळ आली तर माणसाचं न ऐकणारं कुत्रं पुढे घालतात. हाक चुकीची असली, समोर बर्फ पोकळ असला, तर चांगलं पुढारी कुत्रं वळत नाही, आणि शहाणा मशर ते ऐकतो. लवंगीच्या शेजारी दोन वर्षांचा एक नवखा होता. जाणत्याजवळ नवं खोंड जुंपून शिकवतात, तसंच. सगळ्यात मागे, गाडीच्या पुढ्यात दोन दांडगे, वळणावर गाडीचा भार झेलणारे. प्रत्येकाची आपली वेगळी आखूड दोरी असते, आणि मशरची नजर सतत त्या दोऱ्यांवर. जो अंग चोरतो त्याची दोरी ढिली पडते. ती म्हणाली, “दोरी खोटं बोलत नाही.” चोरणारा सापडला तर काय करतेस, मारतेस? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आधी बघते त्याला काय दुखतंय.

दोन गाड्या एकामागे एक जोडलेल्या होत्या. पुढच्या गाडीत मी पांघरूण घेऊन बसले, लेक मागच्या गाडीवर उभी राहिली. कुत्री किंचाळत होती, जागच्या जागी उड्या मारत होती, आकडा बर्फात असल्यामुळे गाडी हिसके खात होती. मुलीने वाकून आकडा उपसला.

आणि आवाज बंद झाला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दहाही तोंडं एका क्षणात गप्प झाली. गाडी सुटली, आणि मला ऐकू येत होतं ते फक्त धावपट्ट्यांखाली बर्फ सरसरण्याचा आवाज आणि धापांचा ताल. चाळीस पाय चालत होते, पण पावलांचा आवाज नव्हता. दोन्ही बाजूंना काळे सुळके बर्फातून वर आलेले, त्यांच्यावर ऊन. मागून मध्येच बारीक आवाजात ‘जी, क्लोव्ह, जी’ यायचं आणि सगळी ओळ पाण्यासारखी उजवीकडे वळायची. वेग काही फार नव्हता, आपली सायकल जोरात मारावी तेवढा. पण तो वेग कोणाच्या तरी इच्छेचा होता, आणि ती इच्छा दोरातून माझ्या पाठीपर्यंत पोचत होती. मी इतक्या वाहनांत बसलेय. असं कशातच वाटलं नव्हतं.

मधे दोनदा थांबलो. थांबताच कुत्री बर्फात लोळली, तोंड घालून बर्फ खाल्ला, आणि मिनिटाभरात पुन्हा कुरकुर सुरू झाली: का थांबलात? केशर वळून थेट माझ्याकडे बघून ओरडली, दहा-बारा वेळा.

दुसऱ्या थांब्यावर मी मनातलं विचारलं. ती साखळी का? प्रत्येक घरापुढे एक खुंटा, त्याला फिरती साखळी, आणि कुत्र्याचं जग तेवढ्या गोलाचं. ती दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, एवढी कुत्री मोकळी सोडली तर भांडतात, भेगांकडे जातात. पण यावर आमच्यातही एकमत नाही, काहीजण मोठ्या कुंपणात मोकळी ठेवतात. आणि म्हातारी झाल्यावर? “माझी चार म्हातारी माझ्या घरात असतात, पलंगावर झोपतात. सगळ्यांची तशी असतात, असं मी सांगणार नाही.”

हे सरळ उत्तर मला आवडलं, आणि तेच मनात रुतून बसलं. कारण याची दुसरी बाजू मला लेकीने आदल्या रात्री वाचून दाखवली होती. 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकनंतर कॅनडात व्हिसलरला पर्यटक घटले, आणि स्लेड ओढणारी कुत्री मोठ्या संख्येने मारून टाकली गेली. 2011 मध्ये ते उघडकीला आलं, लोक हादरले, ब्रिटिश कोलंबिया प्रांताने प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा कडक केला. म्हणजे माझं सहाशे डॉलरचं तिकीट ही या कुत्र्यांची भाकरी आहे, आणि ज्या वर्षी माझ्यासारखे येणार नाहीत त्या वर्षी कोणाच्या हातात ती राहतील त्यावर त्यांचं मरण-जगणं आहे. लवंगीच्या मशरच्या हातात ती सुखाची आहेत. सगळे हात तसे नसतात.

ज्यूनोच्या किनाऱ्यावरचे मूळचे त्लिंगिट लोक होड्यांचे. कुत्र्यांच्या गाड्या त्यांच्या उत्तरेच्या इनुपियाक, युपिक आणि आतल्या भागातल्या अथाबास्कन लोकांच्या. माणूस आणि हे जनावर यांची सोबत फार जुनी आहे. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचे स्लेडचे अवशेष आणि कुत्र्यांची हाडं सापडलीत. अलास्कात अगदी परवापरवापर्यंत टपाल कुत्री न्यायची, शेवटची टपालगाडी 1963 मध्ये बंद झाली. 1925 च्या जानेवारीत नोम गावात लहान मुलांना घटसर्प झाला, बंदर गोठलेलं, विमान उडवायची सोय नाही. तेव्हा 20 मशरांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात 1,085 किलोमीटर त्यावरचं औषध, प्रतिविषाचं सीरम, नेलं, साडेपाच दिवसांत, उणे चाळीसच्या थंडीत. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा न्यूयॉर्कमध्ये पुतळा झाला. सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा मात्र टोगो नावाच्या बारा वर्षांच्या कुत्र्याने मारला होता. आमच्या गावाकडे घटसर्प म्हटलं की गुरांचा रोग डोळ्यापुढे येतो, पावसाळ्याआधी त्याची लस टोचून घेतात. तिकडे जनावरांनी माणसाच्या पोरांसाठी औषध नेलं, हे ऐकून मी मुलीला म्हटलं, ही गोष्ट मी माझ्या शाळेत सांगणार.

मग साठच्या दशकात बर्फावर चालणारी मोटार आली. तिचं नावच पडलं ‘लोखंडी कुत्रा’. गावागावांतून कुत्री नाहीशी व्हायला लागली. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला ते पाहवेना. त्याच्या खटपटीतून 1973 मध्ये अँकरेज ते नोम अशी सुमारे 1,600 किलोमीटरची इडिटारोड शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेत्याला वीस दिवस लागले, आता आठ-दहा दिवस लागतात. त्या शर्यतीत कुत्री दगावतातही, आणि त्यावर तिथे दरवर्षी वाद होतो. पण शर्यत नसती तर ही कुत्री आज असती का, हा प्रश्नही तितकाच खरा.

इथे मला दादाचा आवाज ऐकू आला.

2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा मी खूश झाले होते. दादाकडे शर्यतीची खिलार जोडी होती. तो म्हणाला, ट्रॅक्टर आला, मोट गेली, गाडी गेली, आता शर्यत बी काढून घेतली तर खिलार कशापायी सांभाळायचा कुणी? खाटकाला घालायचा? मी त्याला चाबकाचं, टोचणीचं बोलले. तो म्हणाला, माझ्या गोठ्यात कधी टोचणी बघितलीस का? मी म्हटलं, तुझं एकट्याचं काय घेऊन बसलास. त्यावर तो उठून गेला. पुढे 2021 च्या डिसेंबरमध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, 2023 च्या मेमध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम केला. पण आमचं बोलणं राखी-भाऊबीजेपुरतंच राहिलं. चाबूक मला आजही सहन होत नाही. पण ‘कशापायी सांभाळायचा’ या प्रश्नाला मी दहा वर्षांत उत्तर दिलेलं नव्हतं, हे मला हिमनदीवर, दोन थांब्यांच्या मधे, लवंगीच्या शेपटीकडे बघत बसलेली असताना कळलं.

परतल्यावर मुलीने एक पिल्लू माझ्या हातात दिलं. दीड महिन्याचं, पोट टम्म, अंगाला दुधाचा आणि पेंढ्याचा वास. त्याला बर्फ म्हणजे जमीनच. ते मोठं होऊन दोर ओढायला लागेल तेव्हा हा तळ इथे असेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पूर्वीपेक्षा बर्फ लवकर चिखलासारखा होतो, आम्ही बघतोय. त्या उन्हाळ्यातच ज्यूनोच्या हिमक्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 3,800 चौरस किलोमीटरचा बर्फ, आख्खा गोवा त्यात मावेल. अडीचशे वर्षांत त्याचा चौथा हिस्सा गेला, आणि 2010 नंतर जाण्याचा वेग दुप्पट झाला. मेंडेनहॉलच्या कुशीत एक बाजूची हिमनदी वितळून खळगा झालाय, त्यात पाणी तुंबतं आणि 2011 पासून ते बर्फाखालून वाट काढून फुटतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्या लोंढ्याने नदीकाठची घरं ओढून नेली. आम्ही परत आलो त्यानंतर, 2024 च्या ऑगस्टमध्ये, पाणी त्याहून चढलं. ज्या बर्फावर मी पांघरूण घेऊन बसले होते तोच तो.

त्या रात्री जहाजावरून मी दादाला फोन लावला. गावी सकाळ होती, मागे कोंबडा ओरडत होता. सणासुदीशिवाय फोन आला म्हणून तो घाबरलाच. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, तुला एक सांगायचंय. आणि सांगत सुटले. पट्ट्यात आपण होऊन पाय घालणारा जिंजर, नवख्याला शिकवणारी लवंग, आकडा उपसल्यावरची शांतता.

तो नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, “येसन न्हाई?”

“नाही.”

“कासरा?”

“तोही नाही.”

“मग थांबवत्यात कसं?”

“हाकेवर.”

तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं, फोन तुटला.

1972 च्या दुष्काळात आमच्याकडे कडबा संपला आणि अण्णांनी हरण्याला आटपाडीच्या बाजारात विकलं. मी दहा वर्षांची होते, मला नेलं नव्हतं. दादा चौदाचा, तो गेला होता. संध्याकाळी दोघं परत आले, अण्णांच्या हातात रिकामं दावं होतं. ते त्यांनी खुंटीला टांगलं आणि ते तिथे कितीतरी वर्षं तसंच होतं. बाजारात काय झालं ते घरात कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

“तुला म्हाईत न्हाई,” दादा म्हणाला. “घेणारा हरण्याला घिऊन निघाला, तवा अण्णांच्या तोंडनं हाक गेली. होऽ म्हणून. सवयीनं गं. थांबला की त्यो. येसन वढली, शेपूट पिळली, तरी हालंना. मागं बघंना, फुडं सरंना.”

“मग?”

“मग अण्णांनीच लांबनं जिभंनं टच् केलं. तवा गेला.”